शेतावरची स्वावलंबी कोंबडी

दिवेलागणीच्या सुमारास शेतावरच्या घरी एक मोजणी होत असते. खुराड्याचे दार लावण्यापूर्वी घरातील बाई, नाहीतर एखादे पोर, आत शिरलेल्या कोंबड्या मोजते. सकाळी अकरा सोडल्या होत्या आणि दहाच परतल्या, तर एक कोठे गेली? घारीने उचलली, मुंगसाने धरली, की बांधावरच्या करवंदीच्या जाळीत चोरून घातलेल्या अंड्यांवर बसून राहिली? याचे उत्तर कधी दुसऱ्या दिवशी मिळते. कधी तीन आठवड्यांनी तीच कोंबडी पिल्लांचे लेंढार घेऊन अंगणात येते तेव्हा मिळते. आणि पुष्कळदा मिळतच नाही. शेतावर मोकळी सोडण्यासाठी कोंबडीची कोणती जात निवडावी, हा प्रश्न बहुधा वर्षाकाठी किती अंडी या आकड्यापासून मांडला जातो. वास्तविक तो या संध्याकाळच्या मोजणीपासून मांडावयास हवा. वर्षाला तीनशे अंडी देऊ शकणारी कोंबडी घालायला लागण्यापूर्वीच घारीच्या पंजात गेली, तर ती तीनशे अंडी कागदावरच राहतात.

प्रश्न दिसतो तितका लहान नाही. २०१९ च्या पशुगणनेत भारतात एकंदर ८५ कोटी १८ लाख कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते, आणि २०१२ च्या गणनेच्या मानाने परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. हजारो कोंबड्यांच्या बंदिस्त शेडांचा काळ आला तरी अंगणातली कोंबडी हटलेली नाही. ज्या घरी दुभते जनावर नाही, तेथे कोंबडी ही बहुधा घरधनिणीच्या हातची रोकड असते. मीठमिरची, पोराच्या वह्या, अवचित आलेला पाहुणा, दवाखान्याची खेप, हे सारे त्या खुराड्यावर निभावते. अशा घरी वीस पिल्ले विकत आणून दोन महिन्यांत सतरा गेली, तर त्याला केवळ अनुभव म्हणून सोडून देता येत नाही. ते भांडवलच बुडालेले असते.

कोंबडीचा स्वभाव समजावयाचा तर तिच्या कुळाकडे पाहावे लागते. जगातील सर्व पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष म्हणजे आग्नेय आशियात व भारताच्या उत्तर-पूर्व भागांतील जंगलांत आजही आढळणारा तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीत आरवतो तो राखी रानकोंबडा निराळा. पण त्याचाही या घराण्यात वाटा आहे. पाळीव कोंबडीच्या पायांना व कातडीला पिवळा रंग देणारा गुणधर्म तांबड्याकडून नव्हे तर राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणजे इटलीतील लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेल्या व अमेरिकेत नावारूपाला आलेल्या लेगहॉर्न कोंबडीचे पिवळे पाय हे दख्खनच्या रानाचे देणे आहे!

रानकोंबडी वर्षातून फार थोडी अंडी घालते. एक डाव पुरा झाला की ती थांबते, खुडूक होते, आणि एकवीस दिवस त्यांवर बसते. गावठी कोंबडीने हा क्रम सोडलेला नाही. तिने फक्त तो वर्षातून तीनचार वेळा करण्याची सवय लावून घेतली आहे. हिशेब सोपा आहे. बारापंधरा अंडी घालण्यास सुमारे तीन आठवडे, उबवण्यास तीन आठवडे, आणि पिल्ले स्वतःची स्वतः चरू लागेपर्यंत आणखी सहा ते आठ आठवडे. असा फेरा पुरा होण्यास तीन ते साडेतीन महिने लागतात. वर्षात तीन-चार फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात बारापंधरा अंडी. गावठी कोंबडीला वर्षाला चाळीस-साठ अंड्यांपलीकडे जाता येत नाही, याचे कारण तिच्या अंगातला आळस नव्हे. उरलेला सगळा वेळ ती आई असते.

ही गोष्ट नीट ध्यानात घेतली म्हणजे जातींच्या निवडीतील अर्धा घोळ मिटतो. लेगहॉर्नसारख्या जातींत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खुडूकपणा जवळजवळ नाहीसा केला. बसण्याचे विसरली म्हणून ती घालीत राहिली. पण तिला पिल्ले करण्यासाठी उबवणी यंत्र लागते, पिल्लांना ऊब देण्यासाठी दिवा लागतो, आणि त्या अंड्यांचा माल पुरविण्यासाठी रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम समतोल खाद्य लागते. हे सारे ज्याच्याजवळ आहे त्याने ती खुशाल पाळावी. गावठी कोंबडी आपले अन्न स्वतः शोधते, शत्रू स्वतः ओळखते, संतती स्वतः वाढवते, आणि या तिन्ही कामांचा मोबदला अंड्यांतून कापून घेते. स्वावलंबन आणि उत्पन्न एकाच थैलीतून खर्च होतात. दोन्ही पुरेपूर देणारी कोंबडी विकायला कोणी आणली, तर विकणाऱ्याकडे जरा निरखून पाहावे.

तरीही गावठी म्हणजे सगळ्या सारख्याच, असे मात्र नाही. भारतात निरनिराळ्या हवामानांत व निरनिराळ्या समाजांच्या हाती कोंबडीच्या निरनिराळ्या जाती घडल्या, आणि प्रत्येकीचे स्वावलंबन वेगळ्या वळणाचे आहे.

असीलचे नाव प्रथम घ्यावे लागते. मराठीतील 'अस्सल' आणि हा 'असील' एकाच अरबी धातूचे. खऱ्या कुळाचा, असा अर्थ. आंध्र प्रदेश, ओडिशा व छत्तीसगढचा दक्षिण भाग येथे ही जात विशेष जपलेली आहे. उंच मान, ताठ अंग, लांब बळकट पाय, डोक्याला घट्ट चिकटलेला आखूड तुरा. सोनेरी-तांबड्या रंगाचा पीला, काळ्या-तांबड्याचा याकूब, पांढरा नूरी, काळा कागर अशी तिच्या रंगांची नावे शौकिनांच्या तोंडी असतात. हा लढवय्या पक्षी. झुंजी लावण्यास १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मनाई केली असली, तरी झुंजीसाठी शतकानुशतके झालेल्या निवडीने त्याच्या अंगात जी चिवटता आणली ती शेतावर उपयोगी पडते. असील कोंबडी वर्षाला तीसचाळीस अंडीच देते, पण अंड्यांवर बसावी तर तिनेच, आणि पिल्लांच्या रक्षणासाठी मांजराच्या अंगावर धावून जावे तेही तिनेच. अडचण एकच: एका अंगणात दोन असील कोंबडे नांदत नाहीत.

कडकनाथची कीर्ती गेल्या काही वर्षांत फार झाली. मध्य प्रदेशातील झाबुआ व धार भागांतील भिल्ल-भिलाला समाजांनी सांभाळलेली ही जात. तेथे तिला कालामासी म्हणतात. कातडी, मांस, हाडे, तुरा, जीभ सारे काळे. अंडे मात्र काळे नसते, फिकट बदामी असते. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. कडकनाथ काटक आहे, उन्हात टिकते, साध्या खाण्यावर राहते, हे खरे. परंतु तिची खुडूक बसण्याची वृत्ती बेताचीच, मातृत्वही बेताचेच. म्हणजे शेतावर ही जात वाढवावयाची तर तिची अंडी बसविण्यास दुसरी कोंबडी लागते. हे न सांगता तिच्या मांसाच्या भावाचेच गोडवे गाणाऱ्यांनी पुष्कळांना फसविले. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या नावाने पैसे गुंतविलेल्या शेतकऱ्यांना पोलिसांत धाव घ्यावी लागली. त्यात बिचाऱ्या कोंबडीचा काही दोष नव्हता.

महाराष्ट्राची म्हणून नोंदलेली जात बसरा. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचा परिसर आणि त्याला लागून असलेला गुजरातचा आदिवासी पट्टा हे तिचे घर. अंगाने हलकी, मोठी झालेली कोंबडी किलोभराच्या आसपास, पांढऱ्या अंगावर काळे-तपकिरी ठिपके. अंडी वर्षाला पन्नासच्या आगेमागे. तिच्याकडे पाहून बाजारातला व्यापारी नाक मुरडतो. पण हलके अंग हीच तिची ढाल आहे: कुत्रे आले तर ती सरळ छपरावर जाते, आणि रात्री झाडावर चढून बसते. तीन किलोंच्या कोंबडीला हे जमत नाही.

देशी जातींत अंड्यांच्या बाबतीत सर्वांच्या पुढे आहे ती अंदमान-निकोबार बेटांवरील निकोबारी. बुटकी, आखूड पायांची, आणि वर्षाला सव्वाशे-दीडशे अंड्यांपर्यंत जाणारी. बेटांबाहेर ती सहजी मिळत नाही, म्हणून तिची चर्चा येथेच थांबवणे बरे.

उघड्या मानेच्या आणि उलट्या पिसांच्या कोंबड्यांविषयी मात्र दोन शब्द अधिक सांगणे अवश्य आहे. केरळात व इतरत्र आढळणारी उघड्या मानेची कोंबडी दिसावयास कुरूप. मानेवर पीस नाही, अंगावरही पिसारा विरळ. उलट्या पिसांची कोंबडी तर आपल्याकडे देवऋषी व मांत्रिक यांच्या यादीतच राहिली. तिला कोणी पाळले नाही, उताऱ्यासाठी शोधले. पण पिसांचे पांघरूण विरळ किंवा उलटलेले असल्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते, आणि वैशाखाच्या उन्हात इतर कोंबड्या चोच उघडून धापा टाकीत सावलीला बसतात तेव्हा या दोघींचे चरणे चालू राहते. ज्या लक्षणासाठी तिचा बळी जात होता तेच तिचे भूषण निघाले. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या जातीच्या संकरातून 'हितकारी', उलट्या पिसांच्या जातीपासून 'उपकारी', असीलपासून 'निर्भीक' आणि कडकनाथपासून 'श्यामा' असे परसातील पक्षी तयार केले आहेत.

येथे संकरित पक्ष्यांचा प्रश्न येतो. स्वातंत्र्यानंतरच्या काळात लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या जातींचे कोंबडे खेड्यांत वाटून गावठी कोंबडी सुधारण्याचे प्रयत्न झाले. पुढे केवळ परसासाठी म्हणून पक्षी घडविण्यात आले. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचे 'वनराजा' व 'ग्रामप्रिया' आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठात निघालेला 'गिरिराजा' ही त्यांतील परिचित नावे. वनराजा अंगाने भरतो, रंगीत असतो, पायाच्या नळ्या लांब असल्याने पळू शकतो, आणि मोकळ्या चरण्यावर शंभराच्या आसपास अंडी देतो. ग्रामप्रिया अंगाने हलकी, अंड्यांना अधिक. साधारण काळजी घेतली तर दीडशेच्या पुढे जाते. गावठी कोंबडीच्या दुप्पट-तिप्पट! आकर्षण कोणालाही वाटेल, आणि वाटावेही.

परंतु या पक्ष्यांबरोबर दोन अटी येतात. पहिली अशी की यांची पिल्ले आईवाचून जन्मलेली असतात. पहिले सहा आठवडे त्यांना ऊब, खाद्य, लसी आणि राखण हे सारे माणसाने द्यावयाचे असते. घार आली की कोंबडी एक लांबट, बारीक, घाबरा सूर काढते आणि पिल्ले जागच्या जागी दबतात. मांजर किंवा कुत्रे आले तर तुटक कलकलाट करते आणि पिल्ले पळतात. आकाशातल्या शत्रूसाठी एक हाक, जमिनीवरच्यासाठी दुसरी. आईमागे फिरलेले पिल्लू त्या हाकेबरोबर काय करावयाचे, काय खावयाचे, कोठे लपावयाचे हे पाहून शिकते. यंत्रातून आलेल्या पिल्लाला हे कोण शिकविणार? म्हणून सहाव्या आठवड्याच्या आत अशी पिल्ले उघड्यावर सोडणे म्हणजे घारीला जेवणाचे आमंत्रण देणे होय. दुसरी अट अशी की हे पक्षी संकराचे असल्यामुळे त्यांच्या पोटी त्यांच्यासारखीच संतती होत नाही. दरवेळी पिल्ले नव्याने विकत घ्यावी लागतात. उबवणी केंद्र तालुक्याच्या गावी असेल तर ठीक. चाळीस मैलांवर, नदीपलीकडे असेल तर ही अट अंड्यांचा सगळा नफा खाऊन टाकते.

तेव्हा निवड जातीची करावयाची नसून, आपल्या घरी कोणते काम माणूस करणार आणि कोणते कोंबडीवर सोपविणार, याची करावयाची असते. घरात दिवसभर एखादे म्हातारे माणूस असेल, वीज असेल, पशुवैद्यकीय दवाखाना जवळ असेल, तर ग्रामप्रियेसारखा पक्षी घेण्यात शहाणपण आहे. सगळेच सकाळी कामाला बाहेर पडत असतील, शेत रानाला लागून असेल, तर पन्नास अंडी देणारी हलकी गावठी कोंबडीच अधिक अंडी हाती देईल, कारण वर्षअखेर ती जिवंत असेल.

अनुभवी घरांनी या दोहोंमध्ये एक तोड काढलेली आहे. दोनतीन चांगल्या गावठी किंवा असील रक्ताच्या कोंबड्या केवळ आया म्हणून ठेवावयाच्या, आणि अंड्यांसाठी संकरित तलंगा. गावठी कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिच्याखाली निवडक अंडी ठेवावयाची, किंवा केंद्रातून आणलेली एका दिवसाची पिल्ले रात्रीच्या अंधारात हळूच तिच्या पंखाखाली सरकवावयाची. सकाळी ती त्यांना आपलीच समजते. खुडूक कोंबडीला कोठे पाण्यात बुचकळतात, कोठे तिच्या नाकपुडीतून पीस ओवतात, हेतू हा की तिने बसणे सोडून पुन्हा घालावयास लागावे. हा क्रूर उपाय तर आहेच, पण त्यात मूर्खपणाही आहे: जिच्यासाठी दुसरीकडे यंत्र विकत घ्यावे लागते ती फुकटची उबवणी आपल्याच हाताने मोडून टाकावयाची!

कोंबड्याच्या निवडीकडे लोक त्याहून कमी लक्ष देतात. चांगला, टपोरा कोंबडा जत्रेला किंवा पाहुण्याला कापला जातो आणि उरलेला किरटा पुढच्या पिढीचा बाप होतो. कळपातील प्रत्येक पिल्लात अर्धे रक्त त्याचे असते. आठदहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. तो लांबच्या गावाहून आणलेला, सावध, घारीची सावली दिसताच पहिली हाक देणारा असावा, आणि दोनेक वर्षांनी बदलावा, म्हणजे लेकी-बापांचा संकर होत नाही. रंगाचाही विचार करावा. पांढरी शुभ्र कोंबडी शेडमध्ये शोभते; नांगरलेल्या काळ्या रानात ती घारीला कोसावरून दिसते.

काटकपणाविषयी एक गैरसमज जीवघेणा आहे. गावठी कोंबडीला रोग होत नाही, असे सर्रास मानले जाते. मानमोडीची साथ येते तेव्हा ती जात विचारीत नाही. १९२६ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे ओळखला गेलेला हा रोग पुढे कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळला, म्हणून भारतात त्याला ते नाव पडले. वाडीतल्या सगळ्या अंगणांतल्या कोंबड्या चारपाच दिवसांत मान वाकडी करून मरतात, ही गोष्ट जुन्या लोकांना नवी नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात टाकावयाचा लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्यात टोचणी, एवढ्याने ती टळू शकते. लस एका कोंबडीपुरती मिळत नाही, कुपीत शेकडो मात्रा असतात. म्हणून चार घरांनी एक दिवस ठरवून ती आणावी हे उत्तम. बाजारातून आणलेला नवा पक्षी दोनतीन आठवडे वेगळा डालग्यात ठेवावा. मोकळ्या कोंबड्यांवर येणारे संकट केवढे असू शकते हे बसराच्या मायभूमीनेच पाहिले आहे: फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूर येथे झाला, आणि रोग पसरू नये म्हणून त्या परिसरातील कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

आणखी एक मर्यादा कोंबडीची नसून शेताची असते. खळ्यावर सांडलेले दाणे, उकिरड्यातले किडे, वाळवी, कोवळे गवत, घरातील उष्टेखरकटे, एवढे अन्न ठराविक पक्ष्यांनाच पुरते. दहाबारा कोंबड्या जेथे धष्टपुष्ट राहतात तेथे चाळीस सोडल्या तर चाळीसही रोडावतात, आणि मग दोष जातीला दिला जातो. सुगीत अन्न मुबलक, पावसाळ्याच्या मध्यात टंचाई. तेव्हा सायंकाळी मूठभर कण्या किंवा नाचणी टाकली तर अंडी वाढतात, शिवाय त्या आशेने कोंबड्या वेळेवर घरी परतण्याची सवय लागते.

आठवड्याच्या बाजारात जुनीजाणती बाई कोंबडी घेते ती पद्धत पाहण्यासारखी असते. ती प्रथम पायाच्या नळ्यांवरून बोट फिरविते. खवले गुळगुळीत असतील तर कोंबडी तरुण. मग छातीचे हाड चाचपते, शेपटाखालची पिसे फुंकरीने बाजूला करून उवा आहेत का पाहते, तेथील दोन हाडांमध्ये किती बोटे मावतात ते मोजते. दोनतीन मावली तर अंड्यावर आहे असे समजावयाचे. हे सारे झाल्यावर, पण भाव विचारण्यापूर्वी, ती विकणारीला सहज विचारावे तसे विचारते, "गेल्या खेपेला हिने किती पोरं मोठी केली, बाई?" विकणारी क्षणभर घुटमळली, तर कोंबडी पुन्हा तिच्या डालग्यात जाते.